फोन आडवा धरा

दुसऱ्याच्या हातातला फोन हक्कानं मागून घेणारी माणसं उभ्या खानदेशात दोनच प्रकारची. एक चोर आणि दुसरे आमचे मामेसासरे. त्यात चोर परवडला, तो फोन घेऊन निघून तरी जातो. मामेसासरे फोन घेऊन तुमच्याच समोर मांडी घालून बसायचे. त्यावर स्वतः बनवलेली एखादी वेबसाईट उघडायचे, हात लांब करून, एक डोळा मिटून ती वरपासून खालपर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "हं. तुमच्या फोनवर मोडत नाही." मग फोन परत मिळायचा. चहाला आलेला माणूस असो, रस्त्यात पत्ता विचारणारा असो, नाहीतर गॅस सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात उभा असलेला असो, यातून कोणाची सुटका नसे. आता सगळ्यांची सुटका झाली आहे. मामेसासरे गेले, आणि माझा फोन दिवसचे दिवस माझ्याच खिशात पडून असतो. मला ते आवडत नाही.

माझ्या बायकोचे हे धाकटे मामा. धुळ्याला देवपुरात राहायचे. सगळं देवपूर त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही नानाच म्हणतो. मी जळगावला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे; म्हणजे जिथे कोणी बोलू नये अशी अपेक्षा असते तिथे बसून 'बोलू नका' एवढंच बोलायची नोकरी. नाना मूळचे पाट्या रंगवणारे पेंटर. धुळ्यापासून अमळनेरपर्यंत कापडाच्या, भांड्यांच्या, बी-बियाण्यांच्या कितीतरी दुकानांवर त्यांच्या हातचं अक्षर होतं. 'ळ'चं पोट असं भरदार काढायचे की ते वाचावं की त्यावर हात फिरवावा असं व्हायचं. मग फ्लेक्स आलं आणि पाट्या उतरल्या. "फ्लेक्सनं माझा धंदा खाल्ला," असं नाना सगळ्यांना सांगायचे. मामींनी एकदा स्वयंपाकघरातून हळूच मला खरं सांगितलं, की फ्लेक्स यायच्या आधीच नानांचा उजवा हात थरथरायला लागला होता. शेवटच्या पाटीवरची रेघ वाकडी गेली तेव्हा शिडीवरून खाली उतरले, ब्रश घासलेटात बुडवले आणि घरी येऊन दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपले. हे मला माहीत आहे हे नानांना कळू दिलं नाही, आणि मी फ्लेक्सलाच शिव्या घालत राहिलो.

त्यांच्या मुलाचा पुण्याला संसार. त्यानं एक जुना संगणक घरी आणून टाकला होता आणि मामी त्यावर धुतलेली फडकी वाळत घालायच्या. त्या फडक्यांखालून नानांनी एक दिवस संगणक काढला आणि त्यावर त्यांना एक हिंदी व्हिडिओ सापडला. कोडचं एक अक्षरही न लिहिता वेबसाईट कशी बनवायची, त्याचा. तयार चौकटी असतात. नावाची चौकट, फोटोची, मजकुराची, नकाशाची. त्या बोटानं ओढायच्या आणि हव्या तिथे सोडायच्या, झालं पान तयार. नानांनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला देव जाणे. मला फोन केला तेव्हा आवाज चढलेला होता. "जावईबापू, अक्षरं मी जन्मभर काढली, पण लिहिलं कधी काही नाही. सातवीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही. हे काम माझ्यासाठीच काढलंय कोणीतरी. एक बोटनं काम शे!" आणि हात थरथरला, चौकट भलतीकडे पडली, तर एक उलटा बाण असतो. तो दाबला की केलेलं माघारी जातं. या बाणाचं त्यांना फार अप्रूप. पाटीवर चूक झाली तर घासलेटाची चिंधी, पुन्हा अस्तर, पुन्हा दोन दिवस वाळवण. इथे नुसता बाण. मामी म्हणाल्या, "लग्नाला असा बाण असता तर मी पहिल्या वर्षीच दाबला असता." नाना तेव्हा खरोखर हसले होते. ते हसले असं मला फार थोड्या वेळा आठवतं, कारण माणूस मुळात उदास. आनंद झाला की त्यांना भीती वाटायची.

पण त्यांना खरं वेड लावलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. एकच पान मोठ्या पडद्यावर रुंद दिसतं आणि फोनवर आपोआप अरुंद होतं. शेजारी-शेजारी असलेल्या चौकटी फोनवर एकाखाली एक येऊन बसतात. "अहो, पाटी मोठ्या दुकानावर लावा की पानटपरीवर लावा, ती स्वतःच आकार बदलून बसते!" हे सांगताना ते माझं मनगट धरायचे. मात्र विश्वास त्यांचा कशावरच नव्हता. एका खिळ्याला सुतळी बांधून, तिला खडू फासून, ती संगणकाच्या पडद्यावर ताणून टच्‌कन सोडायचे. पाटीवर रेघ आखायची हीच त्यांची रीत. पडद्यावर खडूची पांढरी रेघ उमटायची आणि तिच्यावर मथळा बरोबर बसलाय की नाही ते बघायचे. मामी रोज ओल्या फडक्यानं पडदा पुसायच्या आणि कपाळावर हात मारायच्या. दुसरी परीक्षा तांब्याची. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ओट्यावर ठेवायचा, आपण दहा पावलं मागे जायचं आणि तिथून वाचायचं. पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचता आली पाहिजे, हा नियम. मी म्हटलं, "नाना, फोन कोणी दहा पावलांवरून वाचत नाही." ते म्हणाले, "तुम्ही वाचत नाही. कोणीतरी वाचेल."

गिऱ्हाइकं त्यांना अशी मिळाली की त्यांच्यात नाही म्हणायची हिंमत नव्हती. देवपुरातल्या पिठाच्या गिरणीवाल्याची वेबसाईट केली. त्यानं पीठ उडालेल्या भुवया वर करून विचारलं, "नाना, याच्यात दळण टाकायचं कुठून?" सोनगीरच्या एका तांब्या-पितळेच्या कारागिराची केली. त्या माणसाची एकच अट, पान उघडलं की त्याच्या हातोड्याचे ठोके ऐकू आले पाहिजेत. नानांनी ठोक्यांची चौकट ओढून टाकली. मग ती वेबसाईट मोठ्या पडद्यावर कशी दिसते ते बघायला माझ्या ग्रंथालयात आले. परीक्षेचे दिवस, पोरं माना खाली घालून बसलेली, पंख्याशिवाय आवाज नाही. नानांनी माझ्या टेबलावरच्या संगणकावर ते पान उघडलं आणि ठण् ठण् ठण् ठण् सुरू झालं. आवाज बंद करायचं बटण मला सापडेना. सगळं वाचनालय माझ्याकडे बघतंय, आणि नाना एक डोळा मिटून म्हणताहेत, "मथळा थोडा डावीकडे गेला का हो?" त्या दिवसापासून मी कोणाला 'बोलू नका' म्हटलं की मागच्या बाकावरून हळूच 'ठण्' ऐकू येतं.

पुढे पुढे मात्र नानांकडे कामं यायला लागली ती श्रद्धांजलीची. चौकात फ्लेक्स लागतात तशीच, पण फोनवर पाठवता येणारी. मधे फोटो, खाली जन्म, मृत्यू, दशक्रियेचं ठिकाण आणि शोकाकुल मंडळींची नावं. नानांच्या स्वभावाला हे काम असं मानवलं की विचारू नका. अडचण एकच यायची. ऐनवेळी चांगला फोटो मिळत नाही. कोणाचा लग्नातला घामेजलेला, कोणाचा रेशनकार्डावरचा. म्हणून नानांनी आधीच फोटो जमवायला सुरुवात केली. कोणाकडे गेले की चहा पिता पिता म्हणायचे, "एक बरासा फोटो देऊन ठेवा. घाई नाही." नातेवाईक हादरले. माझ्याकडेही मागितला. वर माझा फोटो बघून म्हणाले, "यात तुम्ही फार जिवंत दिसता. जरा गंभीर काढा." अर्ध्या नात्याची पानं त्यांनी तयार करून ठेवली होती, फक्त तारीख घालायची बाकी. ते गेले तेव्हा आम्ही सगळा संगणक धुंडाळला. त्यांचं स्वतःचं पान नव्हतं.

आता त्या लग्नाकडे यायला हवं. इतका वेळ मी ते टाळतोय.

नानांचे थोरले भाऊ अमळनेरला असतात. त्यांना सगळे आबा म्हणतात. तेलाच्या कारखान्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त. ताठ माणूस, टोपीला सुरकुती चालत नाही. मानपानाच्या बाबतीत तर असे कडक, की पंगतीत पहिला पाट चुकला तर दुसऱ्या पाटावर जेवणार नाहीत, सरळ घरी जातील. दोघा भावांमध्ये जीव होता. नानांच्या थरथरत्या हाताबद्दल मामींखेरीज कोणाला ठाऊक असेल तर ते आबांना. पाच वर्षांपूर्वी आबांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि नानांनी आहेर म्हणून लग्नाची वेबसाईट करून दिली. आयुष्यात एवढं जीव लावून त्यांनी काही केलं नसेल. वर वधू-वरांची नावं, खाली 'आपले विनीत' म्हणून दोन चौकटी शेजारी-शेजारी. एकीत आबा, दुसरीत नाना.

आता आबांचा चांगला म्हणावा असा एकच फोटो आहे. टोपी घातलेला, आणि त्यात ते डावीकडे बघताहेत. पाटी रंगवणाऱ्याचा नियम असा, की पाटीवरचं माणूस पाटीच्या आत बघणारं पाहिजे. बाहेर बघणारं माणूस काढलं तर गिऱ्हाईक त्याच्यासारखंच दुकानाकडे पाठ फिरवून जातं. म्हणून डावीकडे बघणाऱ्या आबांना नानांनी उजव्या चौकटीत घेतलं आणि स्वतःचा उजवीकडे बघणारा फोटो डावीकडे लावला. मोठ्या पडद्यावर दोघे भाऊ समोरासमोर, एकमेकांकडे बघत. नानांनी खडूची सुतळी मारून दोघांचे डोळे एका रेषेत आणले होते. मी ते ग्रंथालयातल्या संगणकावर पाहिलं तेव्हा म्हटलं, "वा नाना!" लाजले ते.

पण लग्नघरात संगणक कोण उघडतो? सगळ्यांच्या हातात फोन. आणि फोनवर काय झालं, तर शेजारच्या चौकटी एकाखाली एक आल्या. डावी वर, उजवी खाली. म्हणजे वर नाना, आणि बोटानं पान सरकवल्यावर खाली आबा, तेही कोणाकडेच न बघता डावीकडच्या मोकळ्या जागेत डोळे लावून बसलेले. पाहुण्यांना वेबसाईट पाठवायच्या घाईत नानांनी ते फोनवर बघितलंच नव्हतं. जन्मात एकदाच बघितलं नव्हतं. हळदीच्या मांडवात कोणीतरी खवचटानं आबांसमोर फोन धरला आणि म्हणाला, "आबा, पोरगी तुमची आणि वर नाना कसे?" आबांनी बघितलं. लग्न लागेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पोरीची पाठवणी झाली, डोळे पुसले, आणि मग नानांसमोर येऊन उभे राहिले.

"पोर मनी, लगीन मना घरनं, आन मालेच खाले टाकं?"

नानांनी खरं ते सांगितलं. तेच चुकलं. जगात कोणाला पटेल असं ते खरं नव्हतं. "आबा, तुना फोटो डावीकडे देखस, म्हनीसन तुले उजवीकडे लिधं."

"मना फोटो कोठेबी देखो," आबा म्हणाले, "मी मोठा शे." आणि पाठ फिरवून चालू लागले. मी तिथेच उभा होतो, हातात उरलेल्या अक्षता घट्ट धरून. नाना त्यांच्या पाठीमागे पडदा, चौकटी, रुंदी असलं काहीबाही बोलत चार पावलं गेले आणि थांबले.

चूक दुरुस्त करणं हे खरोखरच एका बोटाचं काम होतं. नानांनी मांडवातच खुर्चीवर बसून ते केलं. फोनवर आबा वर, नाना खाली. पण आबांनी तोवर त्या पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो कागदावर छापून घेतला आणि प्लॅस्टिकमध्ये बंद करून भिंतीवर कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगला. वेबसाईट बदलते हो, प्लॅस्टिकमधला कागद कसा बदलणार? नाना एकदा मला म्हणाले, "सगळं माघारी नेता येतं. तो कागद तेवढा नाही."

दुसऱ्यांचे फोन हिसकावून 'मोडतंय का' बघायचं वेड लागलं ते तेव्हापासून. लोक हसायचे. धुळे-अमळनेर एसटीत ते एकेका बाकाशी जायचे, "भाऊ, जरा फोन द्या, एक मिनिट." एकदा कंडक्टरच्या तिकिटाच्या मशीनवर पान उघडतं का ते बघायला मागितलं. कंडक्टर म्हणाला, "आबा, तिकीट काढा आन बसा." कोणी अनोळखी माणसानं 'आबा' म्हटलं की नाना गप्प व्हायचे. ही एसटी अमळनेरला जायची आणि नाना स्टँडवर उतरून, चहा पिऊन, परतीच्या गाडीत बसायचे. घरापर्यंत कधी गेले नाहीत.

आणि रोज सकाळी ते एक यादी बघायचे. वेबसाईट कोणत्या गावातून उघडली गेली ते त्यांना दिसायचं. लग्नाची ती वेबसाईट पाच वर्षांनी कोण उघडणार? पण नाना यादी बघायचे. पुणे. जळगाव, म्हणजे मी. अमळनेर कधीच नसायचं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला धुळ्याला बोलावून घेतलं. तब्येत उतरली होती, हात आता मांडीवर ठेवला तरी हलायचा. म्हणाले, "जावईबापू, तुम्ही अमळनेरला जाणार आहात ना? आबाला एक निरोप सांगा. फोनवर त्याला वर घेतलंय, ते सांगू नका. त्याला वाटेल, ओरडला म्हणून घेतलं. एवढंच सांगा, की ते पान उघड आणि फोन एकदा आडवा धर."

"आडवा?"

"आडवा धरला की पडदा रुंद होतो. चौकटी शेजारी येतात. मी ते कसं केलं होतं, ते त्यानं एकदा बघावं. बस. मग बोलायचं नसेल तर नको बोलू देत."

आम्ही अमळनेरला गेलो. आंब्याचे दिवस, आबांच्या घरी मांडे आणि रस. समोर भिंतीवर तो प्लॅस्टिकचा कागद. मी पाटावर बसलो तसे आबा म्हणाले, "जावईबापू, नानाचा विषय सोडून काहीही बोला." मी काहीही बोललो. पाऊसपाण्याचं बोललो, कापसाचं बोललो, कॉलेजातल्या भांडणांचं बोललो. बायकोनं दोनदा डोळ्यांनी खुणावलं. मी तिसरा मांडा घेतला. एका वाक्याचा निरोप होता, आणि माझ्यासारख्या गप्प बसायची सवय झालेल्या माणसाला तो उद्यावर टाकणं सोपं वाटलं. फोनवर कधीतरी सांगू, असं ठरवून मी परतलो.

दुसऱ्या दिवशी नानांचा फोन आला. "सांगितलं का?"

मी म्हटलं, "हो."

"मग? धरला आडवा?"

"बघतो म्हणाले."

का खोटं बोललो, अजून कळत नाही. मला वाटलं, तेवढंच म्हाताऱ्याला बरं वाटेल. नाना आठ दिवस सकाळ-संध्याकाळ यादी बघत होते, असं मामींनी नंतर सांगितलं. अमळनेर काही आलं नाही. त्यांना माझं खोटं कळलं असणारच. यादीत स्वच्छ दिसत होतं. पण मला पुन्हा फोन केला तेव्हा म्हणाले, "जावईबापू, अमळनेरला सध्या रेंजचा घोळ असेल, नाही का?" मी म्हटलं, असेल. मला सांभाळून घेतलं त्यांनी. ते बोलणं आमचं शेवटचं.

गेले ते एका दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. आबा आले. पांझरा नदीच्या काठावर सगळं होईपर्यंत ताठ उभे राहिले, टोपी काढून हातात धरलेली. श्रद्धांजलीचं पान करायचं तर घरात कोणाला येत नव्हतं, म्हणून नात्यातल्या सगळ्यांची पानं तयार ठेवणाऱ्या माणसासाठी शेवटी चौकात फ्लेक्स लागलं. नाना ते बघून काय म्हणाले असते, याचा विचार करायची माझी हिंमत नाही.

दशक्रियेच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, आबा नानांच्या ओट्यावर एकटे बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि विचारलं, "ते पान शे का अजून?"

मी त्यांच्या फोनवर उघडून दिलं. आबांनी बोटानं पान वर सरकवलं. 'आपले विनीत'. त्याखाली टोपीतले आबा. त्यांनी फोन जवळ नेला.

"हाई कव्हय बदलं?"

"लग्नाच्याच दिवशी. मांडवात."

आबांच्या चेहऱ्यावर समाधान येईल असं मला वाटलं होतं. पाच वर्षं ज्यासाठी अबोला धरला, ते मिळालं होतं. पण ते पान आणखी सरकवत होते. "तो कोठे शे?" मग खाली नाना आले, उजवीकडे बघणारे. तोवर आबा वर निघून गेले होते. त्यांनी पान वर-खाली, वर-खाली केलं. एका वेळी एकच भाऊ दिसत होता.

मी म्हटलं, "आबा, फोन आडवा धरा."

त्यांनी धरला. पान क्षणभर हललं, आणि दोघे भाऊ शेजारी येऊन बसले. डोळे एका रेषेत, एकमेकांकडे बघत.

आबा अंगठा त्या दोन फोटोंच्या मधल्या जागेवर ठेवून बसले.

"असं पहिल्यापासून होतं," मी म्हटलं. "तुम्हाला वर-खाली कोणी केलंच नव्हतं. आडवा धरून एकदा बघा, असा त्यांचा निरोप होता."

"कव्हय सांगं त्यानं?"

"आंब्याच्या दिवसांत. मी जेवायला आलो होतो तेव्हा."

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "आन तुम्ही आते सांगतस?" एवढंच म्हणाले. मी मान खाली घातली. रडू आलं ते मला, त्यांना नाही.

वेबसाईटचा पासवर्ड नानांनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं, सावली देऊन, रेघा जरा वाकड्या गेल्या तरी सुंदर अक्षरात रंगवून ठेवला होता. आता ती वेबसाईट मी सांभाळतो आणि रोज सकाळी यादीही मीच बघतो. पुणे तुरळक. आणि अमळनेर, अमळनेर, अमळनेर. दिवसातून इतक्या वेळा, की मला काळजी वाटायला लागली. म्हणून मागच्या रविवारी सकाळच्या गाडीनं गेलो.

आबा ओट्यावर होते. भिंतीवर कॅलेंडरशेजारी नुसता खिळा होता. ओट्याच्या कडेला पाण्याचा तांब्या, त्याला फोन आडवा टेकवलेला, आणि आबा अंगणाच्या पार पलीकडे, दहा पावलांवर खुर्ची टाकून बसलेले. तरुणपणी नाना पाटी रंगवायचे तेव्हा समोरच्या बाजूला उभं राहून 'बराबर शे' सांगायचं काम आबांचं असायचं, हे मला त्या दिवशी कळलं. अर्धं मिनिट झालं की फोनचा पडदा काळा व्हायचा. आबा गुडघ्यांवर हात देऊन उठायचे, अंगण ओलांडून यायचे, बोट लावायचे, पान पुन्हा उघडायचे, परत जाऊन बसायचे. पुन्हा काळा. पुन्हा उठायचे. कितीतरी दिवस हे असंच चाललं असणार.

फोन जागा ठेवायची सोय असते. सांगू निवांत, चहा होऊ दे, असं माझ्या मनात नेहमीसारखं आलंच. पण मी चपला काढायच्याही आधी तांब्याजवळ गेलो, फोन उचलला आणि ते करून टाकलं. एका बोटाचं काम होतं. फोन पुन्हा आडवा टेकवून ठेवला.

आबा खुर्चीतूनच बघत होते. मिनिट गेलं, दोन गेली. पडदा उजळच राहिला.

"आते जास नही ना तो?" त्यांनी विचारलं.

"चार्जर लावून ठेवलात तर नाही," मी म्हटलं.

आबा उठले आणि घरातून चार्जर घेऊन आले.